हिमाखाली सिद्ध होणारा वसंत : शीत हवामानाच्या गृहोद्यानातील आद्य फुले

समशीतोष्ण प्रदेशातील वसंतागमाची वर्णने वाचताना आपल्याकडील विद्यार्थ्याची सहज अशी समजूत होते की, थंडी सरली, हवा उबदार झाली, म्हणून झाडांना फुले आली. फूल हे उष्णतेचे कार्य, आणि थंडी हा त्याच्या मार्गातील केवळ अडथळा, अशी ही मांडणी असते. परंतु दक्षिण इंग्लंडमधील एखाद्या साध्या गृहोद्यानात जानेवारी ते एप्रिल या काळात उमलणाऱ्या फुलांचा क्रम बारकाईने पाहिला, तर ती टिकत नाही. जानेवारीच्या उत्तरार्धात, रात्री जमिनीचा पृष्ठभाग गोठत असतानाच, स्नोड्रॉपची पांढरी फुले माना खाली घालून उभी राहतात. त्यांच्या सोबतीलाच विंटर ॲकोनाइटची पिवळीधमक फुले भुईसरपट पसरतात. फेब्रुवारीत क्रोकस, मार्चमध्ये डॅफोडिल आणि एप्रिलमध्ये ट्यूलिप, असा हा क्रम सामान्यतः चालतो. यांपैकी पहिली फुले उमलतात तेव्हा हिवाळा पुरता ओसरलेलाही नसतो.

ही फुले इतक्या लवकर कशी येतात, आणि लवकर येण्यात त्यांचा लाभ कोणता, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यांचे उत्तर थोडक्यात असे की, या फुलांच्या लवकर येण्यात घाई मुळीच नाही. वसंतातील फूल हे मागील वर्षाच्या पानांनी केलेल्या साठ्यातून घडलेले असते. थंडी हा त्याच्या सिद्धतेतील एक आवश्यक टप्पा असतो. आणि वसंत त्याला फक्त उघडतो. हा क्रम ध्यानात आला म्हणजे बागेतील कित्येक प्रचलित नियमांचा, तसेच हवामानबदलामुळे उद्भवणाऱ्या एका गंभीर प्रश्नाचाही, उलगडा होतो.

फुलाची निर्मिती केव्हा होते?

वर उल्लेखिलेल्या बहुतेक वनस्पती भूमिगत अवयवांत अन्न साठविणाऱ्या आहेत. स्नोड्रॉप, डॅफोडिल व ट्यूलिप यांचा साठा शल्ककंदात, म्हणजे कांद्याप्रमाणे मांसल शल्कांनी बनलेल्या कंदात असतो. क्रोकसचा साठा घनकंदात, म्हणजे फुगलेल्या भरीव खोडात असतो; तर विंटर ॲकोनाइटचा साठा गाठीसारख्या वेड्यावाकड्या खोडात असतो. यांपैकी डॅफोडिलचा एखादा कंद सप्टेंबरमध्ये उभा कापून भिंगाखाली पाहिला, तर शल्कांच्या मधोमध परिदले, केसरदले आणि किंजपुट यांसह संपूर्ण फूल सूक्ष्म आकारात आढळते. जे फूल मार्चमध्ये दिसावयाचे, ते सहा महिने आधीच अंगोपांगांनी पूर्ण झालेले असते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे ए. एच. ब्लाऊ व त्यांचे सहकारी यांनी १९२० च्या सुमारास हाती घेतला. त्यामागे व्यावहारिक गरज होती. निर्यात होणाऱ्या कंदांना हव्या त्या वेळी फूल यावे, यासाठी कंदाच्या आत कोणत्या तापमानास काय घडते हे जाणणे अवश्य होते. या अभ्यासातून असे स्पष्ट झाले की, कंदाच्या बाह्य विश्रांतीचा काळ हा आतील विश्रांतीचा काळ नव्हे. ट्यूलिपची पाने वाळून गेल्यावर, उन्हाळ्यात कंद कोरडा पडून असताना, त्याच्या अग्रस्थ विभज्येपासून फुलाचे एकेक अवयव क्रमाने घडतात. आणि या क्रियेस सुमारे १७° ते २०° से. तापमान अनुकूल असते. हायसिंथला त्याहून अधिक, सुमारे २५° से. तापमान मानवते. डॅफोडिलमध्ये फुलाच्या निर्मितीस त्याही आधी, जुनी पाने अजून हिरवी असतानाच, मे महिन्याच्या सुमारास प्रारंभ होतो.

या वनस्पतींचे वर्ष म्हणून जानेवारीत सुरू होत नाही. ते मागील फूल कोमेजल्यावर सुरू होते, आणि पुढील फूल हे त्या वर्षाचे शेवटचे पान असते.

थंडीचे कार्य

फूल जर सप्टेंबरातच तयार असते, तर ते ऑक्टोबरात का उमलत नाही? येथे थंडीचे कार्य सुरू होते. ट्यूलिपचा पूर्ण तयार कंद उबदार खोलीत ठेवून त्यास पाणी दिले, तर पाने कशीबशी बाहेर येतात. परंतु पुष्पदंड लांबत नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच सुकून जाते. तोच कंद सुमारे ५° ते ९° से. तापमानात बारा ते सोळा आठवडे राहिला, तर त्यानंतरच्या उबेत पुष्पदंड झपाट्याने वाढतो. थंडीच्या या काळात कंद बाहेरून निश्चल दिसला, तरी त्याच्या शल्कांतील स्टार्चचे शर्करांत रूपांतर होत असते, मुळे वाढत असतात, आणि पुष्पदंडाच्या कोशिका वृद्धिसंप्रेरकांना प्रतिसाद देण्यास समर्थ होत असतात.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळणे इष्ट आहे. विद्यार्थी पुष्कळदा या घटनेस वासंतीकरण म्हणतात. वासंतीकरणाची कल्पना मुख्यतः हिवाळी धान्यांच्या अभ्यासातून पुढे आली. १९१८ साली गास्नर यांनी दाखविले की, हिवाळी राय या धान्यास अंकुरणाच्या वेळी किंवा त्यानंतर थंडी मिळाल्यावाचून ते वेळेवर फुलावर येत नाही. पुढे १९६० साली शुआर यांनी वासंतीकरणाची व्याख्या करताना, शीतसंस्काराने फुलण्याची क्षमता प्राप्त होणे वा ती त्वरित प्रकट होणे, असा तिचा आशय निश्चित केला. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरील संशोधनाने आता या क्रियेचे आनुवंशिक स्वरूपही उकलले आहे. फुलण्यास विरोध करणारे एक जनुक दीर्घ थंडीत हळूहळू निष्क्रिय होते, आणि ऊब परतल्यावरही ते निष्क्रियच राहते. हिवाळी धान्यांत थंडीपूर्वी फूल अस्तित्वातच नसते. ट्यूलिप व डॅफोडिल यांच्यात मात्र फूल आधीच घडलेले असते, आणि थंडी त्याच्या निर्मितीची नव्हे, तर वाढीची व उमलण्याची वाट मोकळी करते. दोन्ही ठिकाणी थंडी हवीच. पण ती वेगवेगळ्या कामासाठी.

बागेतील विच हेझलसारख्या काष्ठमय झुडपांतही मागील उन्हाळ्यातच कळ्या धरतात. अशा झाडांच्या कळ्या सुप्तावस्थेत जातात. सुप्तावस्थेच्या पहिल्या अवस्थेत हवा उबदार झाली तरी कळी हलत नाही, कारण अडथळा कळीच्या आतच असतो. पुरेशी थंडी मिळाल्यावर तो दूर होतो; त्यानंतर कळी केवळ बाहेरील गारठ्यामुळे थांबलेली असते आणि उबेची बेरीज पुरी होताच उमलते. नोव्हेंबरात चार दिवस ऊन पडले म्हणून फसून फुलण्याच्या धोक्यापासून या व्यवस्थेमुळे वनस्पतीचे रक्षण होते. थंडी मोजल्यावाचून वनस्पती उबेवर विश्वास ठेवीत नाही, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरूनच होईल.

थंडीची ही आवश्यकता आपल्याकडे उलट बाजूने प्रत्ययास येते. मुंबई-पुण्यास ट्यूलिपचे कंद आणून लावणाऱ्यांना फूल मिळते ते आधी शीतगृहात ठेवलेल्या कंदांपासून. तोच कंद जमिनीत राहू दिल्यास पुढील वर्षी तो फुलावर येत नाही. श्रीनगर येथे मात्र दाल सरोवराजवळ २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप उद्यानात शिशिराचा गारठा निसर्गच पुरवितो.

लवकर फुलण्याची दोन कारणे

आता दुसरा प्रश्न. इतक्या प्रतिकूल काळात फुलण्याचा लाभ कोणता? याचे उत्तर बागेत नव्हे, तर या वनस्पतींच्या मूळ वसतिस्थानांत शोधले पाहिजे. इंग्लंडच्या बागेत शेजारी शेजारी फुलणाऱ्या या वनस्पती दोन निरनिराळ्या परिस्थितींतून आलेल्या आहेत.

पहिला वर्ग पानझडी अरण्यातील वनस्पतींचा. स्नोड्रॉप आणि विंटर ॲकोनाइट हे मूळचे यूरोप खंडातील दमट वनभूमीचे रहिवासी. ब्रिटनमध्ये ते माणसाने आणून लावले. ओक, बीच यांसारखे वृक्ष एप्रिलअखेर ते मे या काळात पर्णभाराने दाटतात, आणि मग वनभूमीवर पोहोचणारा प्रकाश अत्यल्प उरतो. त्याआधीचे काही आठवडे जमिनीवर भरपूर उजेड असतो. त्या मुदतीत ज्याने फूल, बीज आणि पुढील वर्षाचा साठा ही तिन्ही कामे उरकली, तोच तेथे टिकू शकतो. या वर्गाची लगबग सावलीपासून सुटका करून घेण्यासाठी आहे.

दुसरा वर्ग कोरड्या उन्हाळ्याच्या पर्वतप्रदेशांतील वनस्पतींचा. ट्यूलिपच्या जातींचे मुख्य घर मध्य आशियातील पर्वतश्रेणी होय, आणि क्रोकस क्रिसँथस ही जात बाल्कन प्रदेश व तुर्कस्तान येथील उघड्या उतारांवर आढळते. तेथे बर्फ वितळल्यानंतर जमिनीत ओल असते ती थोडेच आठवडे. पुढे कडक उन्हाळा. या वर्गास सावलीचे भय नाही. त्याची स्पर्धा अवर्षणाशी आहे.

कारणे भिन्न असली तरी उपाय एकच निघाला : साठा भूमीखाली ठेवावा, फूल आधीच घडवून ठेवावे, आणि अनुकूल काळाच्या पहिल्याच दिवसापासून त्याचा उपयोग करावा. परंतु मूळ कारणांतील भेद बागेत पुसला जात नाही. स्नोड्रॉपला झाडाखालची, पालापाचोळ्याने भरलेली ओलसर जमीन लागते, आणि त्याचा कंद फार दिवस कोरडा राहिल्यास मरतो. म्हणूनच जाणते माळी त्याची स्थलांतरे पाने हिरवी असताना करतात. उलट ट्यूलिपच्या कंदाला उन्हाळी कोरडेपणा व निचऱ्याची जमीन हवी असते, आणि ओल साचल्यास तो कुजतो.

आपल्या विद्यार्थ्यांना ही योजना अगदीच अनोळखी नाही. ठाणे-रायगडच्या बाजारांत पावसाच्या तोंडावर भाजीसाठी येणारी शेवळे ही सुरणाच्या रानटी भावंडाची फुलोरे होत. हा फुलोरा पानाच्या आधी, केवळ कंदातील साठ्यावर जमिनीबाहेर येतो. तेथे प्रतीक्षा थंडी सरण्याची नसून कोरडा काळ सरण्याची असते. पण मागील ऋतूचे संचित आधी फुलावर खर्चावयाचे, हा व्यवहार तोच.

गोठणाऱ्या हवेतील फूल

लवकर फुलणे म्हणजे हिमाचा धोका पत्करणे. हा धोका निरनिराळ्या जातींनी निरनिराळ्या रीतींनी आटोक्यात ठेवला आहे.

स्नोड्रॉपच्या पानांची टोके टणक असतात व ती गोठलेल्या मातीतून वाट काढतात. त्याचे फूल लोंबते असल्याने पराग पाऊस व बर्फ यांपासून सुरक्षित राहतो. कडक थंडीच्या सकाळी स्नोड्रॉपची झाडे जमिनीवर लोळण घेतलेली दिसतात. ऊन वर येताच ती पुन्हा ताठ उभी राहतात. याचे कारण असे की, बर्फ प्रथम कोशिकांच्या आत नव्हे, तर कोशिकांमधील मोकळ्या जागांत तयार होतो. कोशिकांतील पाणी बाहेर ओढले गेल्याने त्यांचा ताठरपणा जातो. पण कोशिकेच्या आत बर्फाचे स्फटिक न झाल्याने कोशिका मरत नाही. उरलेल्या रसात शर्करांचे प्रमाण वाढल्यामुळे त्याचा गोठणबिंदूही खाली जातो.

क्रोकसची रीत अधिकच कुतूहलजनक आहे. त्याचे जे लांब देठासारखे अंग आपणांस दिसते ते देठ नसून परिदलांची नळी असते. किंजपुट त्या वेळी जमिनीखाली सुरक्षित राहतो. फुलाच्या दर्शनी भागास हिमाने इजा झाली, तरी ज्यात बीजे धरावयाची तो अवयव झळीबाहेर असतो. पुढे फळ पक्व होऊ लागते तेव्हाच ते जमिनीवर येते. केशर देणारी जात याच प्रजातीतील आहे; पण तिचे फूल पांपोरच्या शेतांत शरदात येते. एकाच प्रजातीत काही जातींनी थंडीच्या अलीकडचा आणि काहींनी पलीकडचा काळ पत्करला आहे.

क्रोकस व ट्यूलिप यांची फुले उबेत उघडतात व गारव्यात मिटतात. या तापानुकुंचनी हालचालीचे प्रयोग प्फेफर यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. १९५३ साली वुड यांनी दाखविले की, पाकळीच्या आतील व बाहेरील पृष्ठांच्या वाढीस अनुकूल असणाऱ्या तापमानांत सुमारे १०° से. चे अंतर असते. हवा तापली की आतील बाजू अधिक वाढते व फूल उघडते. हवा थंडावली की बाहेरील बाजू वाढून ते मिटते. ही हालचाल वाढीनेच होत असल्यामुळे प्रत्येक उघडझापीबरोबर पाकळी किंचित लांब होत जाते. तिचा फायदा उघड आहे. ज्या तापमानास मधमाश्या मुळी उडतच नाहीत, त्या तापमानास फूल उघडे ठेवून पराग भिजू देण्यात अर्थ नाही. या दिवसांत प्रामुख्याने हिंडतात त्या भ्रमरवर्गातील राणीमाश्या. उड्डाणस्नायू थरथरवून त्या स्वतःचे शरीर तापवू शकतात, आणि हिवाळाभर उपाशी राहिलेल्या या राण्यांना हाच मधु आणि हाच पराग नव्या वसाहतीचे भांडवल म्हणून मिळतो. बीजे पिकल्यावर स्नोड्रॉपची गरज आणखी एक कीटक भागवितो. त्याच्या बीजास लागून असलेल्या स्निग्ध मांसल भागाच्या लोभाने मुंग्या ती बीजे ओढून नेतात.

फुलानंतरचे सहा आठवडे

फूल कोमेजले म्हणजे प्रेक्षकाचे लक्ष उडते. पण वनस्पतीच्या दृष्टीने खरे निर्णायक दिवस त्यानंतरचे असतात. हिरव्या पानांनी केलेले अन्न कंदात उतरावयाचे असते, आणि त्या साठ्यातूनच पुढील वर्षाचे फूल घडावयाचे असते. म्हणूनच डॅफोडिलची पाने फूल गेल्यावर किमान सहा आठवडे कापू नयेत, त्यांच्या गाठीही बांधू नयेत, असे ब्रिटनमधील उद्यानशास्त्राचे सांगणे आहे. व्यवस्थितपणाच्या हौसेने पाने आधीच कापणाऱ्या माळ्याला शिक्षा त्याच वर्षी मिळत नाही. ती पुढील वसंतात, पाने भरघोस पण फूल नाही, अशा रूपाने मिळते. कार्य व कारण यांच्यामध्ये सबंध वर्षाचे अंतर पडल्याने पुष्कळांना हा संबंध उमगत नाही.

बदलते हवामान आणि नोंदींचे महत्त्व

वरील विवेचनाच्या प्रकाशात आजच्या एका प्रश्नाकडे पाहता येते. ऋतूंप्रमाणे सजीवांत घडणाऱ्या फेरफारांच्या तारखा टिपण्याची परंपरा इंग्लंडमध्ये जुनी आहे. नॉरफोकमधील रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंतचिन्हांच्या नोंदी ठेवल्या, त्या १७८९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. स्नोड्रॉपचे फुलणे हे त्या चिन्हांपैकीच एक होते. पुढील काळातील अशाच नोंदींवरून २००२ साली असे दाखविण्यात आले की, ब्रिटनमधील ३८५ जातींच्या पहिल्या फुलाची तारीख, आधीच्या चार दशकांच्या मानाने, १९९० नंतरच्या दशकात सरासरी साडेचार दिवसांनी अलीकडे आली होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ४०६ जातींच्या अभ्यासात, १९८७ ते २०१९ या काळातील पहिल्या फुलाची सरासरी तारीख १९८६ पूर्वीच्या काळापेक्षा सुमारे एका महिन्याने अलीकडे आल्याचे आढळले.

फूल लवकर आले, तर त्यात हानी ती कोणती, असा प्रश्न येथे संभवतो. हानी तीन मार्गांनी होऊ शकते. एक तर हिवाळा पुरेसा थंड न राहिल्यास थंडीचे मोजमाप अपुरे पडते. मग उष्णता असूनही फूल उशिरा, विरळ वा आखूड देठाचे येते. दुसरे, उबेने लवकर उमललेल्या फुलास नंतरच्या हिमाचा तडाखा बसतो. तिसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतील काँकर्ड येथे हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० नंतरच्या दशकात केलेल्या नोंदींची आजच्या नोंदींशी तुलना करून २०१९ मध्ये असे दाखविण्यात आले की, वाढत्या तापमानाबरोबर वृक्षांची पालवी वनभूमीवरील फुलझाडांपेक्षा अधिक वेगाने अलीकडे सरकत आहे. म्हणजे पालवी दाटण्यापूर्वीची प्रकाशाची मुदत आखडते, आणि कंदात उतरावयाचे अन्न घटते. हानी फुलावर दिसत नाही. ती फुलानंतरच्या आठवड्यांत होते. यूरोप व आशिया यांतील पुढील अभ्यासात मात्र वृक्ष व फुलझाडे तापमानास जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात असे दिसले. तेव्हा एका खंडातील निष्कर्ष दुसऱ्यावर लादणे योग्य होणार नाही.

यावरून अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पहिल्या फुलाची तारीख टिपणे सोपे असते, म्हणूनच ती सर्वत्र टिपली जाते. परंतु जी वनस्पती मागील वर्षाच्या साठ्यावर फुलते, तिच्या बाबतीत ती तारीख ही गतवर्षाच्या हिशेबाची केवळ अखेरची ओळ असते. पाने केव्हा उगवली, केव्हा पिवळी पडली, वरील वृक्षाची सावली त्यांच्यावर कोणत्या दिवशी आली, आणि कंदाचे वजन वाढले की घटले, या नोंदी तिच्या जोडीला असल्याशिवाय वनस्पतीचे बरे चालले आहे की वाईट, हे सांगता येणार नाही. अशा नोंदींना प्रयोगशाळा लागत नाही. घरामागची चार हात जमीन, एक वही आणि सलग काही वर्षांची चिकाटी एवढे पुरे. मार्शम घराण्याच्या नोंदींनाही प्रयोगशाळा लागली नव्हती.